गाव विचारणारी हज्जा

वाचकहो, एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाचे तिकीट काढून झाले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाव्हणं, गाव कोणचं?" मग तालुका, मग त्या गावातले दोन-चार लोक त्याच्या ओळखीचे निघतात, आणि आपण उतरेपर्यंत लांबची का होईना सोयरीक लागते. हा प्रश्न म्हणजे आपल्या मातीची खास चीज, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. १९८५ साली कुवेतमध्ये एका परक्या माउलीने तो मला विचारला, आणि माझे उत्तर तिने मान्य केले नाही.

मी तेव्हा तिथल्या एका वर्कशॉपमध्ये वायरमन होतो. गाव सोडून वर्ष होत आले होते. आमचा स्टोअरकीपर पॅलेस्टिनी होता, माझ्याच वयाचा. कुवेतमध्ये त्या काळी सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. शाळामास्तर, इंजिनिअर, कारकून, जिथे पाहावे तिथे तेच. एका शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, हा दोस्त मला घरी जेवायला घेऊन गेला. दारात त्याची आई उभी होती. छातीवर तांबड्या दोऱ्याचे दाट भरतकाम असलेला लांब काळा झगा, डोक्यावर पांढरा रुमाल. "अहलन व सहलन," ती म्हणाली. अरब मुलखात हे शब्द दारोदार ऐकू येतात, पण त्यांची फोड मला तिच्या मुलाने त्या दिवशी करून दिली. अहल म्हणजे घरची माणसे आणि सहल म्हणजे सपाट, सोपी जमीन. तू आपल्याच माणसांत आला आहेस, आणि इथे तुझ्या पायाला खडा टोचणार नाही, असा त्याचा भाव.

मी बसतो न बसतो तोच तिने विचारले, "तुझं गाव कोणतं?"

"बॉम्बे," मी म्हणालो. परदेशात आम्ही सगळेच असे सांगत असू. कोकणातला असो की सोलापूरचा, साऱ्यांचे गाव बॉम्बे.

"ते शहर झालं. शहर काय, कुणाचंही असतं. तुझं गाव कोणतं?"

"पानगाव. बार्शी तालुका."

अरबी भाषेत 'प' हा उच्चारच नाही. तिने दोन-तीनदा तोंडात घोळवून त्याचे "बानगाव" केले, आणि समाधानाने मान हलवली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "आम्ही इम्वासचे."

ज्या सुरात मी पानगाव म्हटले होते त्याच सुरात तिने ते म्हटले. पुढे कळले की इम्वासमधले एकही घर उभे राहिलेले नव्हते. गाव पाडल्याला अठरा वर्षे झाली होती.

हे गाव जेरुसलेमहून याफाच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, लात्रूनजवळ. वाहते झरे, बदाम आणि ऑलिव्हची झाडे, गव्हाची शेते. १९४८ साली इस्रायल देश झाला त्या धामधुमीत सात लाखांवर पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले आणि चारशेहून अधिक गावे ओस पडली. पण इम्वास त्यातून वाचले होते. १९६७ च्या जूनमधल्या लढाईत त्याचीही पाळी आली. सैनिकांनी लोकांना बाहेर काढले, माणसे उन्हातान्हात रामल्लाच्या वाटेने चालत निघाली, आणि मागे इम्वास, यालू आणि बेत नुबा ही तिन्ही गावे जमीनदोस्त झाली. पुढे त्या जागेवर कॅनडातून आलेल्या देणग्यांतून मोठे उद्यान उभे राहिले. त्याला कॅनडा पार्क म्हणतात. लोक तिथे सहलीला येतात, झाडाखाली डबे उघडून जेवतात.

त्या दिवसाबद्दल हज्जा फारसे बोलत नसे. (हज्जा म्हणजे हाजची यात्रा करून आलेली बाई, पण तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने असेच म्हणतात, आपण "काकू" म्हणतो तसे.) एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगे. रात्री तिने भाकरीचे पीठ मळून, फडके झाकून ठेवले होते. सकाळी ते फुगून वर आले असेल, परातीबाहेर सांडले असेल. "त्याचं काय झालं असेल?" असे ती विचारी, जणू काल परवाची गोष्ट आहे.

आता जेवणाकडे वळतो. मी माळकरी माणूस. त्या पहिल्या दिवशी भले मोठे पातेले माजघरात आले, त्यावर त्याहून मोठी परात पालथी घातली, आणि हज्जाने दोन्ही हातांनी ते सारे एका झटक्यात उलटे केले. घरातली पोरे श्वास रोखून बसली होती. पातेले हळूच उचलले तर आत भाताचा सुबक ढीग, माथ्यावर तळलेल्या वांग्यांच्या आणि फ्लॉवरच्या फोडी रचलेल्या, आणि मध्ये मटण. या पदार्थाचे नावच मक्लूबा, म्हणजे उलटवलेले. माझा चेहरा पाहून दोस्ताने आईच्या कानात काही सांगितले. मला वाटले, आता हिला राग येणार. पण तिने कपाळाला हात लावला तो स्वतःला दोष देण्यासाठी. "पाहुण्याला विचारलं नाही मी!" त्या दिवशी मी जेवलो ती मसूर आणि तांदळाची, वर कुरकुरीत तळलेला कांदा घातलेली खिचडी. तिला मुजद्दरा म्हणतात. शेजारच्या घरातून ती दहा मिनिटांत मागवून घेतली होती. पुढच्या शुक्रवारपासून त्या घरात दोन पातेली उलटू लागली, एक मोठे आणि एक लहान, बिनमटणाचे. "आमच्या रामल्लाच्या ख्रिस्ती शेजारणी उपासाच्या दिवसांत असंच करत," ती म्हणे. "त्यात काय अवघड आहे?" पाच वर्षे मी त्या लहान पातेल्याचा धनी होतो.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि आम्हा सगळ्यांचाच डाव मोडला. आपल्यापैकी ज्यांच्या घरचे कोणी तेव्हा आखातात होते त्यांना ते दिवस आठवत असतील. बसने बगदाद, तिथून वाळवंट तुडवत जॉर्डनची सरहद्द, आणि मग अम्मान. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक हिंदी माणसे मुंबईला आणली. निघताना दोस्ताने एका चिठोऱ्यावर अम्मानमधला आपल्या मामाचा पत्ता लिहून दिला होता. अंगावर चार दिवसांचे कपडे, खिशात पैसे नाहीत, अशा अवस्थेत आम्ही पाच मराठी माणसे त्या दारात उभे राहिलो. आत आधीच कुवेतहून पळून आलेली त्यांचीच सतरा माणसे होती. मामाने आम्हाला आमचा देश विचारला नाही. "अहलन व सहलन," तो म्हणाला, आणि मसूर-तांदळाचे पातेले आले. आम्हाला आधी वाढले. घरची लेकरे नंतर बसली, हे मी पाहिले होते आणि ते मला आजही टोचते.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षात कुवेतमधून सुमारे तीन लाख पॅलेस्टिनी जॉर्डनला आले. हज्जाचे घरही त्यातच आले. आमचा पत्रव्यवहार काही वर्षे चालला आणि मग पत्ते बदलून तुटला. माझ्या मुलाने मोबाइलवर शोधून दोस्ताला गाठून दिले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात मी, केस पांढरे झालेला निवृत्त वायरमन, दुबईमार्गे पुन्हा अम्मानला उतरलो.

अम्मान हे टेकड्यांचे शहर. फिकट रंगाच्या दगडाची घरे उतारावर एकावर एक रचलेली, जणू खळ्यावर पोती लावली आहेत. दोस्ताचे घर पूर्वेकडच्या दाट वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. जवळच वहदात नावाची निर्वासितांची छावणी आहे. छावणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तंबू येतात. १९५५ मध्ये ती वसली, आणि आज तिथे सिमेंटची घरे, अरुंद बोळ आणि गजबजलेला भाजीबाजार आहे. जॉर्डनमध्ये अशा दहा मान्य छावण्या आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी तिथले वीस लाखांवर पॅलेस्टिनी निर्वासित नोंदलेले आहेत. बहुतेकांना जॉर्डनचे नागरिकत्व आहे, नोकऱ्या आहेत, दुकाने आहेत. तरीही बाजारात दोन म्हातारे भेटले की पहिला प्रश्न, "तुम्ही कुठल्या गावचे?" आणि उत्तर येते ते त्या जुन्या गावाचे, जिथे सांगणाऱ्याचा जन्मदेखील झालेला नसतो. आपल्याकडे उजनीच्या पाण्याखाली घरे गेलेले आमचे पाहुणे अजून जुन्या गावाचेच नाव सांगतात. पण ती तुलना फार ताणू नये. आमच्या पाहुण्यांना उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर जाऊन उभे तरी राहता येते.

हज्जा आता ऐंशी ओलांडून गेली होती. दार उघडताच तिने माझ्याकडे निरखून पाहिले, आणि मुलाने काही सांगायच्या आत म्हणाली, "बानगाव!" माझे नाव ती विसरली होती. गाव विसरली नव्हती.

नोव्हेंबर म्हणजे तिकडे ऑलिव्हच्या सुगीचा महिना. नवे तेल घाण्यावरून आले की पहिला पदार्थ करायचा तो मुसख्खन, आपल्याकडे नव्या गुळाची पोळी करतात तसा. हज्जाच्या माहेरच्या नात्यातले एक घर रामल्लाकडच्या गावात अजून टिकून आहे. तिथून नदीवरचा पूल ओलांडून कोणी ना कोणी दरसाल पत्र्याचा एक डबा आणतो. जॉर्डनमध्येही ऑलिव्ह भरपूर पिकते, आणि तेल उत्तम मिळते. पण त्या डब्याची गोष्ट वेगळी. माझ्यासमोर तो उघडला. हज्जाने बोट बुडवून चाटले, डोळे मिटले आणि ठसका आला तशी हसली. नवे तेल घशाला मिरीसारखे झोंबते. न झोंबणारे तेल जुने, असे तिचे शास्त्र. मग डबा बंद झाला आणि लहान बाटलीत काढून दिलेले तेवढेच वापरायचे, अशी सुनेला ताकीद मिळाली. बाजारचे तेल रोजच्याला, हे तेल पाहुण्याला.

मुसख्खनची करणी मायबहिणींसाठी थोडी सविस्तर सांगतो. कांदा चिरायचा तो भाजीपुरता नाही, टोपलीभर. तो भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर तासभर शिजवायचा. लाल करायचा नाही, मऊ आणि गोड होऊ द्यायचा. त्यात सुमाक घालायचा. सुमाक म्हणजे एका झुडपाच्या तांबड्या आंबट फळांची भुकटी. चव आमसुलाच्या जवळची. हा कांदा जाडसर भाकरीवर थापायचा, वर भाजलेली कोंबडी आणि बदाम ठेवायचे, आणि सगळे पुन्हा भट्टीत घालायचे. माझ्यासाठी अर्थात कोंबडीवाचून. खरे सांगू का, कोंबडीची काही गरजच नाही. सारी गंमत त्या तेल प्यालेल्या भाकरीत आहे.

आणि अडचणही त्या भाकरीतच. ती ताबूनमध्ये भाजायची असते. ताबून म्हणजे मातीची, घुमटासारखी बुटकी भट्टी. गावाकडे बायका ती स्वतःच्या हाताने लिंपून घडवत. तळाशी नदीतले गोटे पसरलेले, आणि बाहेरून शेणाचा, काडीकचऱ्याचा, ऑलिव्हच्या चोथ्याचा विस्तव रचलेला. धूर आत जात नाही, ऊब आत जाते. तापलेल्या गोट्यांवर भाकरी टाकली की तिला खालून खळगे पडतात, आणि त्या खळग्यांत तेल साठते. आता तिसऱ्या मजल्यावर शेणाचा विस्तव कुठून आणायचा? दोस्ताने त्यावर युक्ती केली होती. गुळगुळीत गोटे धुऊन, पत्र्याच्या ताटात भरून ते गॅसच्या भट्टीत ठेवले होते. भाकरीला खळगे पडले. हज्जाने एक तुकडा तोडला, वास घेतला आणि म्हणाली, "शेणाचा वास नाही." सगळे हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मफ्तूल होता. वाचकहो, हे पाहताना मला आपल्या घरच्या बायका लग्नाआधी गव्हले वळायला बसतात ते आठवले. मोठ्या परातीत गव्हाचा भरडलेला, उकडून वाळवलेला रवा घ्यायचा. त्यावर पाण्याचा हबका, मग पिठाची चिमूट, आणि तळहात गोल गोल फिरवत राहायचे. एकेक कणी पीठ पांघरत मिरीएवढी होते. मग चाळायचे, पुन्हा पाणी, पुन्हा पीठ. तयार कण्या चाळणीच्या भांड्यात घालून खाली उकळणाऱ्या रश्शाच्या वाफेवर शिजवतात. दोन भांड्यांमधल्या फटीतून वाफ पळू नये म्हणून तिथे कणकेची वळी दाबतात. सोबत हरभरे आणि कांद्याचा रस्सा. एकट्या बाईचे हे काम नव्हे. शेजारच्या तिघी आल्या होत्या, त्यांतल्या दोघींची मूळ गावे वेगळी, आणि प्रत्येकीच्या मते दुसरीची कणी फार मोठी होती. कोणत्या गावची कणी केवढी, कोण मसाल्यात काय घालतो, यावर तासभर भांडण झाले. पाडलेल्या गावांविषयी इतक्या आनंदाने भांडणारी माणसे मी प्रथमच पाहिली.

दोस्ताची मुलगी, वय चोवीस, इंजिनिअर झालेली, या सगळ्यात वजनकाटा आणि मोबाइल घेऊन बसली होती. आजी मूठ उचलायची की ही म्हणे, "थांब, काट्यावर ठेव!" पाणी किती? "पीठ मागेल तेवढं." मळायचे कुठपर्यंत? "कानाच्या पाळीसारखं होईपर्यंत." पोरगी बिचारी कानाची पाळी ग्रॅममध्ये कशी लिहावी या विवंचनेत. मला आधी हसू आले, मग आले नाही. हज्जाच्या दोन्ही हातांची बोटे सांधेदुखीने वाकली होती. अर्ध्या तासाने तिने परात नातीकडे सरकवली आणि भिंतीला टेकून बसली. नातीच्या हाताखाली कण्या एकमेकींना चिकटून गोळे होऊ लागले. हज्जाने वाकून तिचा तळहात आपल्या हाताखाली धरला आणि फिरवला. काटा बाजूला पडला होता. मोबाइलही.

घरच्या सुनेचे मूळ गाझाकडचे. तिचे आईबाप १९६७ साली तिकडून आले आणि जेराशच्या छावणीत वाढले. त्या छावणीला लोक गाझा छावणीच म्हणतात, आणि तिथल्या पुष्कळांना अजून जॉर्डनचे नागरिकत्व नाही. सुनेचा हात तिखट. गाझाच्या स्वयंपाकात हिरवी मिरची आणि शेपूचे बी लागतेच. झिब्दिया नावाच्या मातीच्या जाड खलात मिरची, लसूण, मीठ रगडून, त्यात टोमॅटो ठेचून ती दग्गा करते. मी तिला आपला ठेचा समजावून सांगितला, तेव्हा ती सासूकडे वळून म्हणाली, "बघा, हे पाहुणे माझ्या बाजूचे!" सासू-सुनेचे हे भांडण तीस वर्षांचे असावे. इम्वासच्या घरात तिखट चालत नव्हते, पण झिब्दिया ओट्यावर हक्काने बसली होती.

जेवताना आग्रह कसा होतो हे आपल्याला सांगायला नको. घास संपण्याआधी "सहतैन" म्हणतात, म्हणजे तुला दुप्पट आरोग्य लाभो, आणि खाणाऱ्याने उत्तर द्यायचे की तुझ्या काळजालाही. आपल्या मुलाला हज्जा "यम्मा" म्हणते, म्हणजे चक्क "आई". दुसऱ्या दिवसापासून मीही यम्मा झालो. जेवणानंतर येते ती वेलदोडा घातलेली काळी कॉफी, चिमणीच्या घरट्याएवढ्या कपात. तिची शिस्त मोठी. मागणी घालायला किंवा भांडण मिटवायला आलेली मंडळी समोर ठेवलेला कप उचलत नाहीत. यजमानाने "तुमचं काम झालं समजा, कॉफी घ्या" म्हटले की मगच घोट घेतात. मयताच्या घरी साखर नाही. जुन्या गावांत मदाफा असे, म्हणजे पाहुण्यांसाठी राखलेली जागा, आपल्या चावडीसारखी. वाटसरू तिथे उतरे आणि गावातली घरे पाळीपाळीने ताट पाठवीत. आता अम्मानमध्ये गावोगावच्या मंडळांनी दिवाणखाने बांधले आहेत. लग्न असो की मयत, त्या गावचे लोक तिथे जमतात. गाव नाही, पण गावची बैठक आहे.

तिसऱ्या संध्याकाळी दोस्ताने मला शहराच्या पश्चिमेच्या डोंगरावर नेले. खाली जॉर्डन नदीचे खोरे अंधारात बुडालेले आणि पलीकडच्या डोंगरावर दिवे लागत होते. इम्वास तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. घरी परतल्यावर मी भारावून हज्जाला म्हणालो, "हज्जा, तुमच्या स्वयंपाकघरात इम्वास जिवंत आहे." असली वाक्ये लिहायला बरी असतात. तिने मला तिथेच अडवले.

"जेवण म्हणजे गाव नव्हे, यम्मा. गाव म्हणजे झऱ्याचं पाणी. गाव म्हणजे माझ्या सासूची कबर. हे तर नुसतं जेवण आहे. भूक लागते म्हणून करतो, आणि करायचं तर तिथल्यासारखं करतो."

मी गप्प बसलो. नंतर नातीने मला सांगितले की शिकागोत राहणारी तिची चुलत बहीण, अमेरिकेच्या पासपोर्टवर, काही वर्षांपूर्वी त्या पार्कात जाऊन आली. आजीला जे जमत नाही ते नातीला पासपोर्टने जमले. पाइनच्या झाडांमध्ये तिला जुन्या बांधांचे दगड आणि बदामाची झाडे दिसली. तिने मूठभर बदाम सालीसकट आणले. हज्जाने ते कोणाला फोडू दिले नाहीत. गच्चीत तेलाच्या रिकाम्या डब्यात ते लावले, पुदिन्याच्या आणि झातरच्या डब्यांशेजारी. (झातर म्हणजे डोंगरात उगवणारी ओव्याच्या वासाची वनस्पती; वाळवून, तीळ आणि सुमाक घालून तिची चटणी करतात. रानातला झातर तोडायला इस्रायलने १९७७ पासून बंदी घातली, ते म्हातारीला घर पाडण्याइतकेच लागले होते.) बदामाची दोन रोपे उगवली होती, गुडघ्याएवढी.

हे एका घराचे झाले. जगभर अशी घरे आहेत. पृथ्वीच्या पार पलीकडे, दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, अरब मुलखाबाहेरची सर्वांत मोठी पॅलेस्टिनी वस्ती आहे. बेथलेहेम, बेत जाला या गावांतून शंभरहून अधिक वर्षांपूर्वी गेलेले ते लोक. १९२० साली त्यांनी पॅलेस्तिनो नावाचा फुटबॉल क्लब काढला, तो आजही खेळतो. त्यांच्या चौथ्या पिढीतल्या कित्येकांना अरबी बोलता येत नाही, पण द्राक्षाच्या पानांत भात भरून गुंडाळ्या करायला त्यांची बोटे चुकत नाहीत. आताशा पुस्तकेही होऊ लागली आहेत. लैला अल-हद्दाद आणि मॅगी श्मिट यांनी गाझाच्या घराघरांत जाऊन तिथला स्वयंपाक लिहून काढला. रीम कस्सिस यांचे पुस्तक २०१७ मध्ये आले. विवियन सन्सूर नावाच्या बाईंनी २०१४ पासून जुन्या वाणांचे बियाणे घरोघर शोधून जमवायला घेतले. काळ्या कुसळाचा गहू, जेनीनकडचे मोठे कलिंगड. हे शेवटचे काम मला पुस्तकांपेक्षाही मोठे वाटते. वाण गेले तर नुसत्या लिहिलेल्या कृतीने हाताला काय लागणार?

निघताना मला पिशवी मिळाली. झातरची पुरचुंडी, सुमाक आणि फ्रीके. फ्रीके म्हणजे कोवळा गहू हिरवाच कापून, विस्तवावर भाजून, चोळून काढलेला दाणा. आपल्या ओंब्या टिकाऊ केल्यासारख्या. बार्शीला आमच्या घरी तिचा भात केला तर सुनबाई म्हणाली, "हुरड्याचा वास येतोय." झातर आम्ही तेलात कालवून ज्वारीच्या भाकरीशी खाल्ला. घरचे तेल करडईचे. हज्जाला हे सांगितलेले नाही.

त्यानंतर वर्षाच्या आत, २०२३ च्या ऑक्टोबरात, गाझातले युद्ध पेटले. दोस्ताच्या बायकोचे मामा-मावश्या, त्यांची लेकरे, सारे तिकडे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गाझा शहराच्या भागात दुष्काळ पडल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या पाहणीने जाहीर केले. तो पाऊस न पडल्याचा दुष्काळ नव्हता. धान्य आत जाऊ दिले जात नव्हते. त्या दिवसांत मी फोन केला तेव्हा नात म्हणाली, "आई ताटावर बसते आणि उठते. दोन महिने झाले, झिब्दिया धुऊन पालथी ठेवली आहे." मला काय बोलावे सुचले नाही. मागून हज्जाचा आवाज आला, की कोण आहे फोनवर? मग फोन तिच्याकडे गेला. आवाज बारीक झाला होता, पण स्पष्ट होता. तिने माझ्या बायकोची, नातवंडांची चौकशी केली. सून जेवत नाही म्हणून ती रोज तिच्यासमोर मसूर-तांदळाचे ताट घेऊन बसते, घास घेईपर्यंत उठत नाही, हे सांगितले. बदामाच्या एका रोपाला कीड लागली होती. त्याला काय फवारावे, असे तिने मला विचारले. मी निंबोळीचा अर्क सांगितला. कडुलिंब तिकडे कुठे मिळेल, हे नात शोधणार होती.

"आणि यम्मा," फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "बानगावला पाऊस झाला का?"

"झाला, हज्जा," मी म्हणालो. "यंदा बरा झाला."